जीन बदलल्यावर ब्लड कॅन्सर होतो, हे खरे का?

खानापूर तालुक्यातील एक जोडपे थॅलेसेमिया मेजर (शरीरात पुरेसे निरोगी रक्त तयार न होण्याचा आनुवंशिक आजार) असलेल्या आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवण्यासाठी बेळगावला घेऊन येते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. वडील शेतीपंपांच्या मोटारी दुरुस्त करतात. पावसाळ्यातल्या एका भेटीत त्यांनी मोबाईलवर आलेल्या दोन बातम्या माझ्यासमोर धरल्या. रुग्णाच्याच स्टेम सेलमध्ये, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळपेशींत, जनुकीय बदल करून थॅलेसेमिया बरा होतो, असे एकीत होते. अशा उपचारानंतर मुलांना ब्लड कॅन्सर झाला, असे दुसरीत. "मॅडम, ह्यातलं खरं कुठलं?"

दोन्ही खरे आहे, असे मी सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला. परंतु ही भीती खोटी ठरवून दिलासा देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

पॅरिस आणि लंडन येथे जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेल्या २० मुलांवर असा उपचार झाला, त्यांतील ५ जणांना पुढे ल्युकेमिया म्हणजे ब्लड कॅन्सर झाला आणि एक मूल दगावले. पहिली प्रकरणे २००२ मध्ये उघडकीस आली. नवे जनुक पेशीत पोहोचवण्यासाठी वापरलेला विषाणू ते कोठेही रोवत असे, आणि त्याच्यासोबत जनुक चालू करणारा स्वतःचा जोरकस भागही नेत असे. तो भाग एलएमओ-२ या वाढीशी संबंधित जनुकाजवळ जाऊन बसला आणि ते जनुक नको तेव्हा सुरू झाले. वडील चटकन म्हणाले, "म्हणजे आपल्या स्टार्टरवर शेजाऱ्याची मोटार चालू झाली." इतके नेमके उदाहरण मला आजवर सुचले नव्हते.

पुढे विषाणूतील तो जोरकस भाग काढून टाकण्यात आला, तरी धोका शून्यावर आला नाही. मेंदूच्या एका दुर्मीळ आनुवंशिक आजारावरील अशाच उपचारात ६७ पैकी ७ रुग्णांना रक्ताचा कर्करोग झाल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. क्रिस्पर या जनुक बदलण्याच्या दुसऱ्या पद्धतीत नवे जनुक रोवले जात नाही, ठरावीक जागी काप घेतला जातो. तेथे काप भलत्या जागी पडण्याची शक्यता तपासावी लागते. थॅलेसेमियासाठी या पद्धतीला ब्रिटनने २०२३ मध्ये आणि अमेरिकेने २०२४ च्या जानेवारीत मान्यता दिली, तीही १२ वर्षांपासून पुढच्या रुग्णांसाठी. अशा रुग्णांवर अनेक वर्षे लक्ष ठेवावे लागते.

आई आतापर्यंत गप्प होती. आमच्या भागात संमतीपत्रे बहुधा कन्नड किंवा इंग्रजीत येतात आणि मराठी घरातल्या बायका ती न कळताही मान हलवतात, त्यामुळे मी मान हलण्यावर थांबत नाही. पुन्हा विचारल्यावर त्या म्हणाल्या, "हे तिच्या पोरांत उतरंल का?" केलेला बदल रक्ताच्या पेशींपुरताच राहतो, तो संततीत जात नाही, मात्र थॅलेसेमियाचे मूळ जनुकही तिच्या बीजांडांत तसेच राहते, त्यामुळे पुढे तिच्या जोडीदाराची तपासणी करावी लागेलच. माझ्या मते त्यांनी खरे तर विचारायला हवा होता तो प्रश्न निराळाच होता. बदललेल्या पेशी परत देण्यापूर्वी जुनी अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतील रक्त तयार करणारा मगज, रिकामी करण्यासाठी बुसल्फान हे औषध मोठ्या मात्रेत देतात. त्याने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, तोंडात फोड येतात आणि पुढे मूल न होण्याची शक्यताही असते. बातम्यांत याचा उल्लेख क्वचितच असतो.

त्यांना फोनवर एका दलालाने "स्टेम सेलचं इंजेक्शन" सुचवले होते. भारतात २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्य आजारांसाठीचे रक्त-मूळपेशींचे प्रत्यारोपण सोडले, तर इतर वापर केवळ मंजूर चाचणीतच करता येतो. म्हणून तेथे एक रुपयाही देऊ नका, असे मी स्पष्ट सांगितले.

मग मी मुलीच्या धाकट्या भावाची एचएलए तपासणी, म्हणजे मूळपेशींच्या प्रत्यारोपणासाठी तो दाता म्हणून जुळतो का हे पाहणारी तपासणी, झाली आहे का, असे विचारले. झाली नव्हती. सख्ख्या भावंडाचे जुळण्याची शक्यता चारात एक असते आणि भाऊ थॅलेसेमियाचा वाहक (सदोष जनुक असूनही स्वतः आजारी नसलेला) असला तरी दाता होऊ शकतो, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. त्या प्रत्यारोपणातही अस्थिमज्जा रिकामी करावीच लागते, हेही मी लपवले नाही.

पुढच्या वेळी रक्त चढवायला येताना त्यांनी धाकट्यालाही बरोबर आणले. सुई पाहून तो रडू लागला, तेव्हा ताईने त्याला आपल्या हातावरचे व्रण मोजायला लावले.