लोह पेशीत शिरतं कसं, आणि गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन का वाढत नाही?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: लोह पेशीचं पटल ओलांडतं कसं, आणि महिनोन्‌महिने गोळ्या घेऊनही काहींचं हिमोग्लोबिन जागचं का हलत नाही. मी जीवरसायनशास्त्र शिकवते. बहुतेक जण लोह पेशीत शिरतं कसं एवढंच बघतात. पण शरीराची खरी मुख्य पकड आहे ती लोह पेशीतून बाहेर पडतं त्या दारावर.

पटलाचा गाभा स्निग्ध असतो. विद्युतभार असलेला लोहाचा आयन त्यातून आपोआप जात नाही, त्याला वाहक प्रथिन लागतं. डाळी-भाज्यांतलं लोह बहुतांशी फेरिक (तीन धन भार असलेल्या) रूपात असतं. आतड्याच्या पेशीवरचं एक विकर (एन्झाइम) त्याला इलेक्ट्रॉन देऊन फेरस (दोन धन भारांचं) बनवतं. क जीवनसत्त्वही हेच करतं, म्हणून पालेभाजीवर लिंबू पिळायचं. चहातली टॅनिनं मात्र लोहाला बांधून ठेवतात, म्हणून गोळी चहाबरोबर घ्यायची नाही. मग डीएमटी-१ हे प्रथिन फेरस लोहाला प्रोटॉनच्या जोडीनं आत घेतं. याच वाटेनं कॅडमियमही आत येऊ शकतं. लोहाची कमतरता असली की आतड्यात डीएमटी-१ वाढतं, आणि लोहाबरोबर हा विषारी धातूही जास्त शोषला जातो.

इथवर आलेलं लोह आतड्याच्या पेशीत आहे, रक्तात नाही. पेशीच्या दुसऱ्या बाजूनं ते बाहेर पडतं फेरोपोर्टिनमधून. हे प्रथिन २००० साली सापडलं, आणि आपल्या पेशींतून लोहाचे आयन बाहेर सोडणारं दुसरं प्रथिन आजवर माहीत नाही. बाहेर पडताच तांबं असलेलं एक विकर लोहाला पुन्हा फेरिक करतं आणि ट्रान्सफेरिन हे रक्तातलं वाहक प्रथिन ते उचलून नेतं. तांब्याच्या कमतरतेनंही रक्तक्षय होतो, त्याचं एक कारण हे.

आता यकृताकडे या. तिथे हेप्सिडिन नावाचं २५ अमिनो आम्लांचं छोटं संप्रेरक तयार होतं. ते फेरोपोर्टिनला चिकटलं की पेशी ते प्रथिन आत ओढून मोडून टाकते. लोह आतच अडकतं, आणि काही दिवसांनी ती पेशी झडून शौचावाटे निघून जाते. इतका कडक बंदोबस्त कशासाठी? जादा लोह बाहेर टाकण्याची नियंत्रित सोय शरीराकडे नाही, आणि मोकळं लोह पेशींना इजा करतं. प्रौढ शरीरात ३-४ ग्रॅम लोह असतं आणि रोज जेमतेम १-२ मिलिग्रॅम नव्यानं शोषलं जातं. जुन्या तांबड्या पेशी मोडून त्याच्या दहापट परत मिळतं, आणि तेही फेरोपोर्टिनमधूनच रक्तात येतं.

म्हणून अंगात दीर्घकाळ दाह किंवा जंतुसंसर्ग असला की हेप्सिडिन चढतं आणि गोळीचा फारसा उपयोग होत नाही. मोठ्या मात्रेच्या गोळीनंतरही ते साधारण दिवसभर चढलेलं राहतं. लोह कमी असलेल्या स्त्रियांच्या अभ्यासात एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतून लोहाचा जास्त वाटा शोषला गेला, तो यामुळेच. अर्थात मात्रा डॉक्टरांना विचारूनच बदला.

तपासणीत फेरिटिनबरोबर (लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारं प्रथिन) सीआरपी (दाह दाखवणारी रक्तचाचणी) मागून घ्या, कारण दाह असला तर फेरिटिन खोटं चांगलं दिसतं. आणि थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिन बनवण्यातला सौम्य आनुवंशिक दोष) नाही ना, हेही एकदा बघून घ्या. त्यात हिमोग्लोबिन मुळातच थोडं कमी असतं, आणि लोहाची कमतरता नसताना वर्षानुवर्षं गोळ्या घेत राहणं बरं नाही.