घरच्या शिवणासाठी कापड, पॅटर्न आणि बाकी सामान ऑनलाइन घ्यावं का? (पुणे)
कापड घेताना फोटोवर जाऊ नका, जीएसएम (एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) बघा. कुर्त्याला १००-१२० बरं. ६०च्या मलमलला अस्तर लागतंच. मी एकदा मोरपंखी मागवलं, आलं चक्क पोपटी! तेव्हापासून आधी अर्धा मीटरच मागवते, धुऊन, इस्त्री करून पुन्हा मोजते. सुती कापड आटतं, तेवढं जास्तीचं घ्या.

पॅटर्न, म्हणजे कापड बेतायचे कागदी नमुने, फ्रीसोइंग या वेबसाइटवर फुकट मिळतात, आपली मापं टाकायची. ए-फोरवर छापताना १०० टक्के ठेवा आणि पॅटर्नवरचा चाचणीचा चौकोन दिलेल्या मापाचा आलाय का ते पट्टीने मोजा. प्रिंटरने गुपचूप 'फिट टू पेज' केलं, म्हणजे पानात बसवायला पॅटर्न लहान केला, की मुंढा (बाही जोडतात तो घेर) आवळलाच म्हणून समजा.

चेन, हुक, लेस, दोरा मात्र ऑनलाइन नकोच. कापडाचा तुकडा घेऊन तुळशीबागेत जा, तिथेच रंग जुळवा.