‘यथासांग’मधले ‘सांग’

विचारणा अशी आहे की, ‘यथासांग’ म्हणजे ‘जसे सांगितले तसे’ का, आणि धार्मिक कार्याखेरीज इतरत्र तो शब्द चालतो का. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. लग्नघरी ध्वनिक्षेपक हाती आलेला कोणीतरी ‘गुरुजींनी सांगितल्याबरहुकूम, म्हणजेच यथासांग’ अशी फोड करतोच, आणि ती ऐकून माझ्या घशाखाली जिलबी उतरत नाही.

हे ‘सांग’ म्हणजे स + अंग, अर्थात अंगांसहित. ‘सांगणे’ हे क्रियापद जुन्या मराठीत ‘सांघणे’ असे ‘घ’ने येते, आणि 12व्या शतकातील जैन आचार्य हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ‘कथ्’ (सांगणे) या संस्कृत धातूच्या जागी येणारी जी प्राकृत रूपे, म्हणजे ‘आदेश’, दिली आहेत, त्यांत ‘संघ’ आहे. तिथला ‘घ’ पुढे झिजून ‘ग’ झाला. ‘अंगा’तला ‘ग’ मात्र मुळापासूनच ‘ग’ आहे.

आता ही अंगे कोणती? इथे बरेच जाणकार शिक्षा, कल्प, व्याकरण, निरुक्त, छंद आणि ज्योतिष ही सहा वेदांगे, म्हणजे वेदाध्ययनाला पूरक शास्त्रे, मोजून मोकळे होतात. ‘सांगोपांग’ अध्ययनाला ती मोजणी शोभते. पण पूजा यथासांग झाली असे म्हणताना यजमानाने निरुक्त, म्हणजे वैदिक शब्दांची व्युत्पत्ती, केव्हा सोडवले, हे त्यांनी कधी सांगितलेले नाही. माझ्या मते इथले अंग मीमांसकांचे, म्हणजे वेदातील कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांचे आहे. त्यांच्या परिभाषेत मुख्य कर्म ते प्रधान आणि त्याला पूरक कृत्ये ती अंगे. दर्शपूर्णमास या अमावास्या-पौर्णिमेच्या यागातील प्रयाज, म्हणजे मुख्य आहुतींआधीच्या आहुती, हे अंगाचे नेहमीचे उदाहरण. प्रधान उरकले आणि अंगे गाळली, तर कर्म झाले खरे, पण सांग झाले नाही.

याचा पुरावा सत्यनारायणाच्या पूजेत मिळतो. शेवटी विड्यावर दक्षिणा ठेवून, पळीभर पाणी सोडताना गुरुजी ‘कृतस्य कर्मणः साङ्गतासिद्ध्यर्थम्’ म्हणतात. मराठीतली ‘सांगता’ ती हीच. तिचा मूळ अर्थ शेवट नव्हे, अंगांनी परिपूर्ण असणे हा आहे; सप्ताहाची सांगता होते ती याच न्यायाने. मागण्या पदरात न पडता मोडलेल्या संपाची ‘सांगता झाली’ असे छापणाऱ्यांनी तो संप ‘संपला’ एवढेच लिहावे.

राहिला दुसरा प्रश्न. चालतो, ज्या कामाला ठरलेली अंगे आहेत तिथे जरूर चालतो. जमिनीची मोजणी यथासांग होते, दुपारची झोप होत नाही.