नवीन टायर टाकल्यावर बाइकच्या चाकांचं बॅलन्सिंग करावं लागतं का?

दोन्ही टायर नवीन टाकले, ८० च्या पुढे हँडल थरथरतं आणि टायरवाला म्हणतो बाइकला बॅलन्सिंग लागत नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत विचाराल तर करून घ्याच, पुढच्या चाकाचं तर नक्कीच. कमी वेगाला फरक कळत नाही म्हणून तसं म्हटलं जातं. पण वेग दुप्पट झाला की असमतोलाचा धक्का चौपट होतो. रिमवर एका बाजूला फक्त १० ग्रॅम जास्त असले, तर ताशी १०० किमीला चाकाच्या प्रत्येक फेरीत साधारण दोन किलोचा हिसका बसतो. तो थेट तुमच्या हातात येतो.

समतोलासाठी रिमवर छोटी वजनं चिकटवतात, पण त्याआधी एक गोष्ट बघा. टायरच्या कडेला, रिमलगत एक बारीक उंचवट्याची रेघ असते. रिमच्या काठापासून तिचं अंतर सगळीकडे सारखं हवं. कुठे आत दबलेली दिसली तर तिथे बीड (टायरची रिममध्ये बसणारी कड) नीट बसलेलं नाही, आणि मग कितीही वजनं लावा, थरथर जाणार नाही. हवा सोडून, साबणाचं पाणी लावून परत भरा. टायरवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या वर मात्र जाऊ नका.

बॅलन्सिंग घरी होतं. चाक काढून (पुढच्याला डिस्क असेल तर चाक बाहेर असताना ब्रेक दाबू नका) ॲक्सल (चाकाच्या मधला दांडा) परत त्यातच घाला आणि त्याची दोन टोकं सारख्या उंचीच्या आधारांवर टेकवा. जुन्या टायरच्या वेळची चिकटवलेली वजनं आधी काढून टाका. आता चाक हलकेच फिरवून सोडा. जड भाग खाली येऊन थांबतो, त्याच्या बरोबर समोर, चाकाच्या सगळ्यात वरच्या जागी खडूने खूण करा. इथे घाई नको. बेअरिंगवरच्या ऑइल सीलच्या घर्षणामुळे चाक थोडं अलीकडे-पलीकडे अडकतं, म्हणून दोन्ही दिशांनी पुन्हा पुन्हा फिरवून बघा. खूण दर वेळी वरच येऊ लागली की तिथे ५ ग्रॅमचा तुकडा नुसत्या टेपने लावा. मग चाक पाव फेरी वळवून खूण आडवी करा आणि सोडा. खूण वर चढली तर वजन कमी पडतंय, खाली उतरली तर जास्त झालंय. कुठेही सोडलं तरी चाक जागच्या जागी राहिलं की काम झालं. मग रिमचा तो भाग स्पिरिटने पुसून, कोरडा करून वजन कायमचं चिकटवा. आऱ्यांचं चाक असेल तर आऱ्यावर बसणारी वजनं मिळतात.

५०-६० ग्रॅमच्या वर लागायला लागले तर वजनं चढवत बसू नका. टायर रिमवर अर्धा फेरा सरकवून बसवा, बहुतेक वेळा आकडा बराच खाली येतो. काही टायरवर रंगीत ठिपका असतो, तो सहसा टायरचा हलका भाग दाखवतो आणि व्हॉल्व्हजवळ ठेवतात. पण रिमचा जड भाग व्हॉल्व्हपाशीच असेल असं नाही. पुढच्या वेळी नुसती रिम आधी फिरवून तो शोधा आणि ठिपका तिथे आणा, वजन कमी लागेल.

एवढं करूनही हँडल हललं, विशेषतः वेग कमी होताना ६० च्या खाली, तर बॅलन्सिंगच्या मागे लागू नका, हँडलचे बॉल रेसर (हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग) आणि चाकाचे बेअरिंग तपासून घ्या.