वाचकांचे प्रश्न, मास्तरांची उत्तरं

प्रश्न : नात दहावीला आहे. ती म्हणते, बोस्नियातल्या साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या राजपुत्राचा खून झाला म्हणून पहिलं महायुद्ध पेटलं. एका खुनानं एवढं?
— एक आजोबा, परळ

उत्तर : आजोबा, खून ही काडी. रॉकेल आधीच सांडलेलं होतं. दादरच्या शाळेत मी फळ्यावर खुनाची तारीख, २८ जून १९१४, लिहायचो आणि लगेच मागे, १८७१ कडे वळायचो. त्या जानेवारीत फ्रान्सला हरवून जर्मन साम्राज्याची घोषणा झाली, तीही फ्रान्सच्याच व्हर्सायमधल्या आरसेमहालात! वर आल्सेस आणि लोरेन या फ्रान्सच्या सरहद्दीवरच्या प्रांतांचा बराच भाग तोडून घेतला. पॅरिसमध्ये आल्सेसमधल्या स्ट्रासबर्ग शहराच्या नावाचा पुतळा आहे. फ्रेंच लोक त्याला सुतकाचं काळं कापड गुंडाळत. सुतक चाललं जवळपास पन्नास वर्षं. (आपल्याकडे जमिनीचे दावे यापेक्षा लवकर मिटतात, असं मात्र म्हणवत नाही.)

मग आग्नेय युरोपातल्या बाल्कनमधली ओढाताण, आरमारांची चढाओढ, एकमेकांत गुंतलेले करार.

आणि युद्धानंतरचा, जर्मनीशी झालेला १९१९ चा तह? त्याच आरसेमहालात, तारीखही २८ जूनच. आता अपमान जर्मनीचा. हिटलरनं पुढे तोच उगाळला.

नातीला एकदा बॅलार्ड पिअरकडे न्या. १९१४ साली मुंबईच्याच बंदरातून हिंदी शिपाई याच युद्धासाठी आजच्या इराकमधल्या बसऱ्याकडे निघाले होते.