आई आठवते, पण आयसीयूतलीच

“आई आठवली की शेवटचे दिवसच दिसतात.” ही तक्रार नागपुरात समुपदेशक म्हणून माझ्याकडे वर्षभर येते, दसऱ्याच्या आसपास जास्त. घराघरांत दीक्षाभूमीला जायची तयारी सुरू असते आणि दरवर्षी पांढरी साडी इस्त्री करून ठेवणारी बाई घरात नसते. त्यातलंच हे एक घर. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

चाळिशी ओलांडलेली लेक. आई १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेला वडिलांच्या खांद्यावर बसून गेलेली. पुढे जन्मभर सकाळ-संध्याकाळ वंदना, रविवारी विहार. अकरा दिवस आयसीयूत होती, मग गेली. पहिलं पुण्यस्मरण तीन आठवड्यांवर आलेलं आणि दोन शब्द लेकीनेच बोलायचे होते.

“डोळे मिटले की नळ्याच दिसून राहिल्या, मॅडम. एवढी वर्षं जगली माझी आई, मला अकराच दिवस काहून आठवतात?”

भीतीच्या वेळी मन फार बारीक नोंद घेतं. वर ‘आधी नेलं असतं तर’ हा प्रश्न तीच चित्रं रोज उघडतो. रोजचं सुख मात्र आपण कधी निरखून पाहिलेलं नसतं, म्हणून ते नुसत्या हाकेला येत नाही. त्याला खूण लागते: वास, जागा, हाताची एखादी सवय.

“मग ते विसरायचा प्रयत्न करू?”

“नको, ताई. ढकललं की ते जोरानं येतं. येऊ द्या, आणि त्याच्या शेजारी बाकीची आई आणून बसवा.”

त्यासाठी एक शंभर पानी वही. रोज वीस मिनिटं, दुपारी. रात्री लिहायला घेतलं तर झोप उडते. वेळ संपली की वही मिटून हाताला काम द्यायचं. पाच जणांना विचारायचं: मावशी, शेजारीण, विहारातली मैत्रीण, भाजीवाला, नातू. “कशी होती?” असं विचारलं की “फार प्रेमळ होती” यापुढे कुणी जात नाही. त्याऐवजी सकाळी उठून पहिलं काय करायची, कशावर चिडायची, हे विचारा. चिडणं आणि हट्ट लिहायलाच हवेत. ते गाळले की आई भिंतीवरच्या फोटोसारखी होते, आणि फोटोशी बोलता येत नाही.

तिने चौघांना विचारायचं कबूल केलं, नातवाला सोडून. “दहा वर्षांचा आहे, त्याला कशाला रडवायचं?” बहुतेक घरं इथेच चुकतात. “आजी झोपली” म्हटलं की लेकरू झोपेला घाबरतं. “गावाला गेली” म्हटलं की वाट बघतं. आजी मेली, तिचं शरीर थांबलं, ती परत येणार नाही, हे साध्या शब्दांत सांगावं आणि त्याला बोलू द्यावं.

पुढच्या भेटीत ती खुर्चीच्या टोकावर बसली होती. नातू म्हणाला होता, “आजी गुडघ्यावर बोटानं ठोकायची.” त्रिसरण, म्हणजे बुद्ध, धम्म, संघाला तीनदा शरण जाण्याचा पाठ, म्हणताना तो गोंधळायचा. आजी तोंडानं दुरुस्त करायची नाही. ‘दुतियंपि’ला, म्हणजे दुसऱ्या खेपेला, दोन टिचक्या, ‘ततियंपि’ला, तिसऱ्या खेपेला, तीन.

हे सांगता सांगता तिचा उजवा हात आपोआप स्वतःच्या गुडघ्यावर गेला.

“मॅडम... माझ्याही.”

पस्तीस वर्षांनी ते बोट सापडलं होतं. ती खूप रडली, पण आयसीयूसाठी नाही.

या क्षणासाठी मी वाट बघते आणि घाई करत नाही. गेलेल्या माणसातून मन हळूहळू काढून घेणं हेच शोकाचं काम, असं मनोविश्लेषक फ्रॉइडने १९१७ साली मांडलं. मी त्या मताची नाही. नातं राहतं, त्याची जागा बदलते. श्रद्धावान आईने ते रोजच्या पाठात, बोटाच्या टिचकीत ठेवलेलं असतं.

भाषणासाठी तिला एवढंच सांगितलं: एक सवय, एक भांडण, एक वाक्य तिच्या तोंडचं. तीन-चार मिनिटं, कागद हातात. रडू आलं तर थांबून पाणी प्यायचं, माफी मागायची नाही. तिने टिचक्याच सांगितल्या.

सहा महिने उलटूनही जेवण, झोप, काम रुळावर येत नसेल तर मात्र वहीवर विसंबू नका, मनोविकारतज्ज्ञांना भेटा. जगणं नको वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास मराठीत बोलता येतं.

आयसीयू अजून दिसतं, ती सांगते, आठवड्यातून एखाद्या वेळी. वहीची बावीस पानं भरलीत. भाजीवाल्याला विचारायचं राहिलं आहे.