टॅब बदलला की डेटा कोणी मागवायचा?

प्रश्न: आमच्या गणेशोत्सव मंडळासाठी कॉटलिनमध्ये अँड्रॉइड अ‍ॅप करतो आहे. कार्यक्रम, आरत्या, वर्गणी आणि स्वयंसेवक असे चार टॅब आहेत. टॅबलेआउट (टॅबची पट्टी) आणि व्ह्यूपेजर२ (बोटाने सरकणारी पाने) वापरले आहेत. टॅब निवडला की चालणाऱ्या ऑनटॅबसिलेक्टेडमध्ये ‘एफ०’, ‘एफ१’ अशा टॅगवरून (ओळखचिठ्ठीवरून) त्या टॅबचा फ्रॅगमेंट, म्हणजे पान, शोधतो आणि त्याला डेटा आणायला सांगतो. फ्रॅगमेंट नल (म्हणजे काहीच नाही) मिळायचा, म्हणून ऑफस्क्रीनपेजलिमिट (समोरच्या पानाच्या बाजूची किती पाने तयार ठेवायची तो आकडा) ३ केले. तरी अ‍ॅप उघडताना पहिला टॅब कोराच असतो, आणि परत आलो की यादी नव्याने येऊन वर उडी मारते.
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर: टॅबवर बोट पडले तेव्हा त्याचे पान तयार असेलच असे नाही, नल त्यामुळेच मिळत होता. लिमिट ३ केल्यावर चारही पाने आधीच बनू लागली, पण मूळ दोष तसाच राहिला. शिवाय तो टॅग ही लायब्ररीची आतली सोय आहे, तिच्यावर विसंबू नका. पहिला टॅब कोरा राहतो कारण मीडिएटर (टॅबची पट्टी आणि पाने जोडणारा दुवा) अटॅच होतानाच तो निवडला जातो. तुमचा लिसनर (टॅब बदलल्याची खबर घेणारा, ऑनटॅबसिलेक्टेड असलेला कोड) त्यानंतर जोडला असेल, तर त्याला ती निवड कळतच नाही.

लिमिटची ओळ काढून टाका आणि डेटा मागण्याचे काम पानाकडेच द्या. सरकणे थांबल्यावर व्ह्यूपेजर२ फक्त समोरच्या फ्रॅगमेंटला रिझ्यूम (पूर्ण चालू) अवस्थेत नेतो, बाकीचे त्याआधीच्या स्टार्टेड अवस्थेवरच थांबतात. त्यामुळे त्या अवस्थेत येताना चालणाऱ्या ऑनरिझ्यूममध्ये मागणी ठेवली की पहिल्यावरून चौथ्यावर जाताना मधल्या टॅबांच्या विनंत्या जात नाहीत, आणि पहिल्या टॅबसाठी वेगळे काही करावे लागत नाही.

मात्र फोन आला, स्क्रीन बंद होऊन चालू झाली, तरी ऑनरिझ्यूम पुन्हा चालतो. म्हणून व्ह्यूमॉडेलमध्ये (पडद्याचा डेटा सांभाळणाऱ्या वस्तूमध्ये) प्रत्येक टॅबची अवस्था नोंदवा: मागितले नाही, येत आहे, आले, अडले. ‘येत आहे’ असेल तर गप्प बसायचे, ‘अडले’ असेल तर पुन्हा मागायचे. ‘आले’ला मुदत द्या. आरत्या एकदा आणल्या की पुरे. कार्यक्रमांना पाच मिनिटे ठीक वाटतात. वर्गणीची नवी नोंद झाली की तिची मुदत लगेच संपवा.

इथे बहुतेकांची फसगत होते. समोरच्या पानापासून दूर असलेल्या फ्रॅगमेंटला अडॅप्टर (व्ह्यूपेजर२ला पाने पुरवणारा भाग) काढून टाकतो आणि त्या फ्रॅगमेंटचे स्वतःचे व्ह्यूमॉडेलही त्याबरोबर जाते. डेटा टिकवायचा तर व्ह्यूमॉडेल अ‍ॅक्टिव्हिटीच्या (चारही टॅब असलेल्या पूर्ण पडद्याच्या) कक्षेत ठेवा आणि विनंती व्ह्यूमॉडेलस्कोपमध्ये, म्हणजे व्ह्यूमॉडेल असेपर्यंत चालेल अशी, चालवा. नोंदीची किल्ली टॅबचा क्रमांक नको, ‘वर्गणी’सारखे स्थिर नाव हवे. उद्या वर्गणीचा टॅब फक्त खजिनदारांना दाखवायचे ठरले तर क्रमांक सरकतील. तेव्हा अडॅप्टरमधले पानाची ओळख देणारे गेटआयटमआयडी आणि ती ओळख अजून आहे का हे सांगणारे कंटेन्सआयटमही स्वतः लिहावे लागतील.

यादीची उडी थांबवायला रिसायक्लरव्ह्यूची (यादी दाखवणाऱ्या घटकाची) १.२.० किंवा पुढची आवृत्ती घ्या, तिच्या अडॅप्टरला प्रिव्हेंटव्हेनएम्प्टी (यादी रिकामी असेपर्यंत आधीची जागा परत लावू नको) हे स्टेटरिस्टोरेशनपॉलिसीचे मूल्य द्या आणि यादीच्या व्ह्यूला लेआउटमध्ये आयडी असल्याची खात्री करा. ऑनटॅबसिलेक्टेडची मग गरज उरत नाही. ऑनटॅबरिसिलेक्टेड मात्र ठेवा: त्याच टॅबवर पुन्हा टिचकी मारली की यादी वर न्यायला तो चांगला.

प्रश्न: फ्लटरमध्ये (अ‍ॅप बनवायच्या दुसऱ्या साधनात) निवडलेला टॅब सांभाळणाऱ्या टॅबकंट्रोलरच्या लिसनरमधून एकच विनंती दोनदा जाते. का?
— एक वाचक, कारेलीबाग, वडोदरा

उत्तर: टॅबवर टिचकी मारली की लिसनर अ‍ॅनिमेशनच्या सुरुवातीला आणि शेवटी, असा दोनदा बोलावला जातो. टॅब अजून बदलतो आहे असे सांगणारे इंडेक्सइजचेंजिंग खरे असेल तर लगेच परत फिरा. बोटाने सरकवून टॅब बदलला तरी हीच अट चालते. सुरुवातीच्या टॅबसाठी लिसनर बोलावला जात नाही, त्याचा डेटा इनिटस्टेटमध्ये (पान तयार होताना एकदाच चालणाऱ्या भागात) मागवा. पान जिवंत ठेवायला ऑटोमॅटिककीपअलाइव्हक्लायंटमिक्सिन वापरत असाल, तर वाँटकीपअलाइव्हमधून ट्रू परत द्या आणि पान रेखाटणाऱ्या बिल्डच्या पहिल्याच ओळीत सुपर.बिल्ड लिहा.